मरळ फ्रॉगवर झडप घालते, पण हूक लागत नाही: कयाकवरून मासेमारी करणाऱ्यांसाठी

जलकुंभीच्या कडेने फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा रबरी लूर, म्हणजे खोटं आमिष) सरकत येतो, खालचं पाणी फुगतं, धाडकन आवाज होतो आणि फ्रॉग गायब. रॉड ओढला की फ्रॉग हवेतून उडत परत आपल्याकडे, आणि मरळ पसार. नागपूरच्या आसपासच्या तलावांवर लूर टाकणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार आहे. पाळ सोडून कयाकमध्ये, म्हणजे छोट्या चिंचोळ्या होडीत, बसलात की ती आणखी वाढते. मग सल्ले सुरू होतात: फ्रॉगचा रंग बदल, काळा लाव, पिवळ्या पोटाचा लाव. रंगाचा इथे काही संबंध नाही. मरळीने झडप घातली म्हणजे रंगाने आपलं काम चोख केलं. त्यानंतरचं जे बिघडतं ते हूक, लाइन, रॉडचा कोन आणि कयाक या चौघांत कुठेतरी असतं, आणि थोडा वेळ दिला तर नेमकं कुठे ते सापडतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पोकळ रबरी फ्रॉग, जाड ब्रेडेड (विणलेली) लाइन, कडक रॉड हे सगळं आपल्याकडे अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशाच्या मासेमारीतून आलं. आपल्या तलावांत बास नाही. बास तोंड वासतो तेव्हा भोवतालचं पाणीच आत खेचलं जातं आणि त्यासोबत फ्रॉग घशाकडे जातो. मरळीचा जबडा कडक, दात टोकदार. ती फ्रॉगला जबड्यात आवळून धरते आणि तशीच वळून खाली घुसते. त्यात तिकडच्या व्हिडिओंतला माणूस बहुतेक वेळा मोठ्या, जड बोटीवर उभा असतो. आपण पंचवीस-तीस किलोच्या कयाकमध्ये पाय पसरून बसलेले. ‘झडप पडली की एक-दोन मोजा आणि जोरात मारा’ हा सल्ला त्या माशाचा आणि त्या बोटीचा आहे.

आपल्याकडच्या ढिवर (मासेमार) मंडळींची गरीची (गळाची) पद्धतही इथे जशीच्या तशी चालत नाही. जिवंत बेडकी लावलेली गरी मरळ निवांत गिळते, कारण तोंडात खरं मांस असतं. त्यामुळे वाट बघणं परवडतं. रबराचा फ्रॉग ती फार वेळ धरून ठेवत नाही, खोटा आहे हे कळलं की थुंकते. म्हणजे आपल्या हातात जो वेळ आहे तो छोटा आहे, आणि त्या छोट्या वेळात पूर्ण ताकद हूकच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे.

आधी फ्रॉग हातात घ्या

मरळ चुकली की हात आपोआप पुढचा थ्रो मारतो. कारण शोधायचं असेल तर तो मोह आवरा आणि फ्रॉग नीट बघा. ओला फ्रॉग उजेडाकडे तिरका धरला की दातांचे ओरखडे चमकतात.

ओरखडे फक्त मागच्या झालरीवर असतील, रबराचे दोन-चार धागे तुटलेले असतील, तर मरळीने मागून चावा घेतला आणि तिचं तोंड हूकपर्यंत आलंच नाही. अंगावर काहीच खूण नसेल तर फ्रॉग तोंडात गेलाच नव्हता. एक तर पाण्याच्या उसळीने बाजूला फेकला गेला, नाही तर तुम्ही आवाज ऐकून आधीच ओढून घेतला. आणि पाठीवर व पोटावर समोरासमोर ओरखडे असतील तर फ्रॉग पूर्ण जबड्यात होता. तुम्ही ओढला आणि तो आवळलेल्या दातांमधून सरकत बाहेर आला. कयाकवाल्यांच्या फ्रॉगवर सगळ्यात जास्त वेळा मला हीच तिसरी खूण दिसते, म्हणून खाली मोठा भाग तिच्यासाठी आहे.

झालरीवरच्या चाव्याचं उत्तर सोपं आहे. झालर कात्रीने कापा, फ्रॉगच्या अंगापेक्षा थोडी आखूडच ठेवा. सहा-साडेसहा सेंटिमीटरचा फ्रॉग वापरत असाल तर साडेचार-पाचाच्या फ्रॉगवर या. आपल्या गावतलावांतली बहुतेक मरळ त्याला आरामात तोंडात घेते. आणि वेग कमी करा. शेवाळाच्या फटीत फ्रॉग आला की तिथे थांबवा, नुसता जागच्या जागी थरथरवा. मागून चावणारी मरळ बहुतेक वेळा पळणाऱ्या फ्रॉगचा पाठलाग करत असते. फ्रॉगला मागे जादा हूक लावायचा सल्लाही मिळेल. शिंगाड्याच्या वेलीत किंवा कमळाच्या देठांत तो हूक प्रत्येक थ्रोला अडकतो, त्या नादी लागू नका.

पोटात साचलेलं पाणी

याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पोकळ फ्रॉगची सगळी कल्पना अशी की मरळीने आवळलं की अंग चेपलं जावं आणि पाठीला चिकटून बसलेले दोन हूक उघडे पडावेत. आत हवा असेल तर ती पटकन निघून जाते आणि फ्रॉग क्षणात चपटा होतो. आत पाणी भरलं असेल तर तेच पाणी त्या बारीकशा भोकातून बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात फ्रॉग फुगलेलाच राहतो, हूक अंगाला चिकटलेले राहतात आणि दात प्लास्टिकवरून घसरतात.

म्हणून दर काही थ्रोंनंतर फ्रॉग मुठीत दाबून पाणी काढायची सवयच लावून घ्या. बूड जड होऊन फ्रॉग तिरका तरंगायला लागला की समजा आत पाणी आहे. एकाच थ्रोत पाणी भरत असेल तर हूकचा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं भोक फाकलेलं असतं, किंवा जुन्या दातांची भोकं पडलेली असतात. सॉफ्ट प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा एक थेंब, रात्रभर सुकू द्या. भोकं जास्तच असतील तर फ्रॉग टाकून द्या.

आता दाबायची परीक्षा. अंगठा आणि तर्जनीत फ्रॉग वरून-खालून दाबा, जसा जबडा दाबेल तसा. दोन्ही हूकची टोकं प्लास्टिकच्या वर येऊन बोटाला टोचली पाहिजेत. टोचत नसतील तर पक्कडीने दोन्ही टोकं किंचित वर आणि बाहेर वाकवा. किंचित म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. जास्त वाकवलीत तर गवत गोळा करत येईल. मग हूकचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं ठेवून हलकेच ओढा. नखात रुतलं तर धारदार, घसरलं तर बोथट. नव्या पाकिटातला हूकसुद्धा या परीक्षेत नापास होऊ शकतो. छोटी कानस जवळ ठेवा, आतून टोकाकडे दोन-तीन वेळा फिरवली की पुरे.

आपल्याकडच्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिक्कीत राहिलेला फ्रॉग वाकडा होतो, हूक त्याच्या अंगावर सरळ बसत नाहीत आणि एक बाजू कायम झाकलेली राहते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, हेच प्लास्टिक ताठर होतं आणि दाबलं तरी पूर्ण चेपत नाही. अशा दिवशी फ्रॉग थोडा वेळ शर्टाच्या खिशात ठेवा आणि शक्यतो पातळ, मऊ अंगाचा वापरा. थंडीत मरळ स्वतःही मंद असते. तिचा चावा धाडकन नसतो, नुसता ‘चुप’ असा आवाज येतो.

ड्रॅग घट्ट आहे, तरी लाइन सुटते

साधी नायलॉनची लाइन ताणली की लांबते, आणि वीस मीटरवर ती लांबी एवढी होते की रॉडचा अर्धा झटका त्यातच जिरतो. फ्रॉगसाठी ४० ते ५० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड लाइन हवी, घनदाट जलकुंभी असेल तर ६५ सुद्धा. ती थेट फ्रॉगला बांधा, पालोमार गाठीने. मरळीच्या दातांसाठी तारेचा लीडर लागत नाही.

ब्रेडेड लाइन लावूनही हूक बसत नसेल तर घरीच एक गोष्ट तपासा. ड्रॅग (रीलचा ब्रेक) पूर्ण आवळा, हाताला कापड गुंडाळा (ब्रेडेड लाइन बोट कापते), लाइन दोन वेढे घेऊन जोरात ओढा आणि स्पूलकडे (लाइन गुंडाळलेल्या रिळाकडे) बघा. स्पूल जागेवर आणि त्यावरची लाइनची सगळी गुंडाळी गोल फिरतेय असं दिसलं तर रोग सापडला. ब्रेडेड लाइन गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली की ती धातूवर घसरते. ड्रॅग कितीही आवळा, उपयोग शून्य. सगळी लाइन काढा, स्पूलच्या तळाशी आधी आठ-दहा मीटर नायलॉन गुंडाळा, त्याला ब्रेडेड जोडा. निदान तळाला चिकटपट्टीचा एक वेढा तरी द्या. कित्येकांनी या एका दोषापायी नवं रील विकत घेतलेलं आहे, आणि नव्यावरही लाइन तशीच बांधली.

रॉडबद्दल जास्त सांगत नाही. सात फुटांच्या आसपासचा, मीडियम-हेवी किंवा हेवी, टोकाला फास्ट, म्हणजे मुख्यतः टोकाशी वाकणारा. तिलापिया आणि रोहूसाठी घेतलेल्या मऊ रॉडने मरळीच्या जबड्यात दोन जाड हूक रुतवणं फार कठीण आहे.

कयाक स्वतःच ताकद खाते

आता मुख्य मुद्दा. पाळीवर उभं राहून झटका मारता तेव्हा पाय जमिनीत रोवलेले असतात आणि सगळा जोर लाइनमध्ये जातो. कयाकमध्ये तोच झटका मारला की मासा तुमच्याकडे येण्याआधी तुम्ही माशाकडे सरकता. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बॅग तोलायचा लटकता काटा आणा. फ्रॉग काढून लाइन थेट काट्याला बांधा. मित्राला काटा घेऊन पाळीवर उभं करा आणि साधारण वीस मीटरवरून आधी जमिनीवर उभे राहून झटका मारा, मग मोकळ्या कयाकमध्ये बसून, मग बांधलेल्या कयाकमध्ये बसून. आकडा मित्राने मोठ्याने सांगायचा. मोकळ्या कयाकमधला आकडा किती खाली येतो ते ऐकलं की पुढचं पटवून द्यावं लागत नाही.

दुसरी गळती वाऱ्याची. उघड्या तलावावर नऊ-दहा वाजले की वारा सुटतो. कयाक ताशी एक किलोमीटर या अगदी संथ वेगाने फ्रॉगकडे वाहत असेल तर सेकंदाला जवळपास २८ सेंटिमीटर. फ्रॉग फटीत थांबवून तीन सेकंद थरथरवलात तर तेवढ्यात पाऊण मीटरहून जास्त लाइन ढिली पडली. झडप नेमकी याच थांब्यावर पडते. मग झटक्याचा पहिला भाग ढिली लाइन ओढण्यात जातो, दुसरा कयाक पुढे सरकण्यात, आणि मरळीच्या तोंडापर्यंत उरतं ते काहीच नाही.

उपाय बांबू. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या कडेला पाणी उथळ असतं, तळाला गाळ. अडीच-तीन मीटरचा, मनगटाएवढा बांबू घ्या, एक टोक तासून अणकुचीदार करा, दुसऱ्या टोकाला भोक पाडून दोरी ओवा. जागेवर पोचलात की गाळात तिरका रोवा आणि दोरी कयाकच्या नाकाला (पुढच्या टोकाला) किंवा बुडाला (मागच्या टोकाला) अशा गाठीने बांधा की एका झटक्यात सुटेल. कयाकच्या मध्यावर, बाजूला कधीच बांधू नका. वारा किंवा मोठा मासा आडवा ओढू लागला तर कयाक कलंडते. लहान, आडोशाच्या तलावात बुडाला बांधलं तर चालतं आणि वाऱ्याच्या दिशेने थ्रो मारायला सोपं जातं. रामटेकच्या खिंडसीसारख्या मोठ्या पाण्यावर लाटा उठतात, तिथे नाकालाच बांधा, नाक वाऱ्याकडे. जलकुंभीचा पट्टा असेल तर बांबूशिवायही काम होतं: कयाकचं नाक त्यात चांगलं घुसवा, ती धरून ठेवते.

बांधायची सोय नसेल तेव्हा निदान कोन बदला. कयाक नाकाच्या दिशेने सहज घसरते, आडवी घसरायला पाणी तिला अडवतं. म्हणून अगदी समोर, नाकाच्या रेषेत थ्रो मारू नका. घड्याळाचा बारा म्हणजे नाक धरलं तर दहा किंवा दोनच्या दिशेने मारा. आडव्या ओढीला पाण्याचा विरोध मिळतो आणि झटक्यातला मोठा भाग वाचतो. तीन किंवा नऊच्या दिशेने, म्हणजे पूर्ण काटकोनात, जोराचा झटका मात्र टाळा. तोल जातो.

झटका कसा

फ्रॉग चालवताना रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ठेवा. बहुतेक जण टोक वर धरून फ्रॉग नाचवतात. झडप पडते तेव्हा रॉड आधीच डोक्याशी असतो, मागे न्यायला जागाच उरलेली नसते. टोक खाली असेल तर संपूर्ण कमान तुमच्याजवळ शिल्लक असते.

आवाज झाला की ओढू नका. ओढायचं ते वजन लागल्यावर. पाणी उडालं, फ्रॉग दिसेनासा झाला, की टोक माशाकडे आणखी खाली करा आणि हँडल भराभर फिरवा. ढिली लाइन भरून निघते, मग अचानक हाताला जड लागतं. तोच क्षण. मोजायची गरज नाही; मोजणाऱ्याचे दोन आणि मरळीचे दोन जुळतीलच असं नाही. वजन लागलं नाही, तर फ्रॉग तोंडात नाही. झटका न मारता तो तिथेच राहू द्या, मरळ अनेकदा वळून पुन्हा येते. झटका मारून फ्रॉग उडवलात तर ही दुसरी संधी गेली.

झटका कमरेतून, बाजूला, पाण्याला समांतर. पाय पुढच्या टेकूवर घट्ट दाबलेले. कयाकमध्ये बसून डोक्यावरून झटका मारला तर दोन गोष्टी होतात: आपण खाली बसलेले असल्यामुळे जोर कमी मिळतो, आणि मासा चुकला तर दोन उघडे हूक असलेला फ्रॉग सरळ चेहऱ्याकडे येतो. गॉगल आणि टोपी उन्हासाठी घालतोच आपण. या कारणासाठी संध्याकाळीही घाला, गॉगल पांढऱ्या काचेचा. लाइफ जॅकेट अंगावर, नुसतं कयाकमध्ये ठेवलेलं नको. गाळात आणि कमळाच्या देठांत पट्टीचा पोहणाराही अडकतो. दोरी कापायला सुरी छातीशी हवी.

हूक बसला की लगेच ताण देऊन मासा गवतावर चढवा. मरळीला एकदा खाली घुसू दिलं की ती देठांना वेढे घालते. कयाक बांधलेली नसेल तर मरळ तुम्हालाच गवतात ओढून नेते; तेव्हा घाबरू नका, लाइन घट्ट ठेवून कयाकला माशाच्या वर जाऊ द्या आणि तिथून सरळ वर उचला. बाससारखा अंगठा तोंडात घालून मरळ धरायची नाही. ग्रिपर (माशाचं तोंड धरायचा चिमटा) वापरा.

ज्या झडपा चुकलेल्याच बऱ्या

पावसाळ्यात एक वेगळाच प्रकार दिसतो. फ्रॉगवर एकामागून एक धडका बसतात, हूक काही लागत नाही, आणि फ्रॉगवर दातांची खूणही सापडत नाही. आजूबाजूला नीट बघा. पाण्यावर लालसर-नारिंगी बारीक पिल्लांचा झुबका वर येऊन श्वास घेतोय का? मरळ हवेतूनही श्वास घेते, पिल्लांनाही वर यावं लागतं. तसं असेल तर खाली आई-बाप पहाऱ्यावर आहेत. ते फ्रॉग खायला येत नाहीत, पिल्लांपासून हाकलायला येतात. म्हणून तोंड बंद ठेवून धडक देतात. अशा ठिकाणी हूक बसवायची युक्ती शोधूच नका. तिथून वल्ही मारत निघा. ती जोडी काढली तर बाकीचे मासे काही तासांत पिल्लं साफ करतात, आणि तो सगळा झुबका त्या तलावातून जातो. मामा तलावांतले मासे बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या सहकारी संस्थांच्या ठेक्यावर असतात, त्यांचं पोट त्यावर आहे. उतरण्याआधी त्यांना विचारायचंच, आणि असा झुबका दिसला तर त्यांनाही सांगायचं. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात मासेमारीला बंदी आहे, तिकडे कयाक न्यायचा विचारही नको.

सगळं तपासूनही चुकली तर

सगळं ठीक असूनही काही झडपा चुकतील, त्या चुकतातच. त्यासाठी मागच्या होल्डरमध्ये दुसरा रॉड तयार ठेवा: १५-२० पौंडांची ब्रेडेड लाइन, गवत न पकडणारा ऑफसेट हूक, त्यावर बोटाएवढा मऊ रबरी मासा किंवा वर्म, वजन न लावता. मरळ चुकली की जलकुंभीत जिथे भोक पडलं त्याच्या हातभर पलीकडे हा टाका आणि हळू ओढत भोकात आणून बुडू द्या. पृष्ठभागावर चिडून चुकलेली मरळ खाली बुडणारा घास बऱ्याचदा सरळ घेते. इथे धाडकन आवाज नसतो, लाइन नुसती बाजूला सरकते. तिने काहीच केलं नाही तर बांबू उपटू नका. जागा हललेली नसेल तर श्वास घ्यायला तिला थोड्या वेळाने वर यावंच लागतं. बुडबुड्यांची ओळ दिसली की तिच्या पुढे फ्रॉग टाका, पोटातलं पाणी आधी काढून.